कुऱ्हाड कोसळते, पण चालवतो कोण?

नाशिक, प्रतिनिधी

सायंकाळी पान लावण्याची घाई सुरू झाली की वृत्तपत्राच्या कचेरीत काही शब्द आपोआप हाताशी येतात. 'कुऱ्हाड' हा त्यांपैकी एक. कारखान्याने कामगार कमी केले की नोकऱ्यांवर कुऱ्हाड कोसळते. अनुदान थांबले की शाळांवर कोसळते. रस्ता रुंद करण्याचे ठरले की वृक्षांवर कोसळते. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारण्याकरिता सुमारे अठराशे झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मथळा सुचण्यास कोणालाही वेळ लागला नाही. असे मथळे प्रस्तुत प्रतिनिधीनेही पूर्वी अनेकदा दिले आहेत. मात्र या वेळी तो शब्द जरा निरखून पाहावासा वाटला. कारण ज्या हत्याराचे नाव आपण रोज घेतो, ते नाशिकसारख्या शहरात किती घरांत सापडेल, याचीच शंका आहे. झाडे तोडायलाही आता बहुतेक ठिकाणी पेट्रोलवर चालणारी करवत वापरतात; तोडणारे तिला 'कटर' म्हणतात. हातातून गेलेली कुऱ्हाड जिभेवर मात्र पक्की बसली आहे.

शब्दाचे मूळ संस्कृत 'कुठार' या शब्दात आहे. प्राकृतात त्याचे 'कुहाड' झाले. पुढे हिंदीत कुल्हाडी, गुजरातीत कुहाडी आणि मराठीत कुऱ्हाड अशी भावंडे तयार झाली. 'कुऱ्हाडे' हे आडनावही त्याच घराण्यातले. दुसरा शब्द 'परशु'. तो अधिक जुना आणि अधिक मानाचा. ग्रीक भाषेत कुऱ्हाडीला 'पेलेकुस' म्हणत. भाषातज्ज्ञ त्याचे आणि परशुचे नाते लावतात. कुठार रानात राबायला गेला, परशु देवांच्या हाती राहिला, अशी ही साधारण वाटणी. परशुचेच बोलीतील रूप म्हणजे 'फरशी'. गुन्हेवृत्तात 'फरशी कुऱ्हाडीने वार' असे जे वाचायला मिळते, ती ही रुंद पात्याची कुऱ्हाड. घरातल्या फरशीशी तिचा संबंध नाही; ती अरबी 'फर्श' या शब्दावरून आली. नवख्या वार्ताहराचा येथे हमखास गोंधळ होतो आणि हल्लेखोराने जमिनीची फरशी उचलून मारली, असे छापून येण्याची वेळ येते.

नाशिकला या हत्याराचा इतिहास शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. शहराच्या पश्चिमेला गोदावरीच्या काठी गंगावाडी येथे डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगीन दगडी अवजारे सापडली. गोदावरी खोऱ्यातील या अवजारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या अवजारांत मराठी पुरातत्त्वज्ञ ज्याला 'हातकुऱ्हाड' म्हणतात, तो प्रकार आहे. गारगोटी अगर काळ्या दगडाचे दोन्ही बाजूंनी छिलके काढून त्याला बदामासारखा आकार दिला जाई. तो थेट मुठीत धरायचा. त्याला दांडा नसे. पुढे सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील त्या शेतकरी वस्तीच्या नावावरूनच 'जोर्वे संस्कृती' हे नाव रूढ झाले.

कुऱ्हाडीला लाकडी दांडा बसला, तेव्हा घावाला बळ आले आणि हाताचे दगडापासून अंतर वाढले. लोखंडी पात्याला मागच्या बाजूस दांडा बसवण्यासाठी भोक असते. त्याला 'नेढे' म्हणतात. सुईच्या भोकालाही तोच शब्द आहे, आणि रतनगडाच्या माथ्यावरच्या आरपार भोकाला गिर्यारोहक म्हणतात तोही तोच. नेढ्यात घट्ट बसावा, घावाचा हादरा सोसावा आणि चिरू नये, असे लाकूड दांड्याला लागते. धावड्याचे लाकूड त्यासाठी नावाजलेले. म्हणजे झाड तोडण्यासाठी आधी एक झाड तोडावे लागते.

मराठीतील सर्वांत कठोर म्हणींपैकी एक येथूनच निघाली : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. गोत म्हणजे कुळ, आप्तस्वकीय. नुसते पाते अरण्याचे काही वाकडे करू शकत नाही. अरण्यातलेच एक लाकूड त्याला मिळते, तेव्हा अरण्याचा नाश होतो. या आशयाची गोष्ट इसापाच्या नावावरही सांगितली जाते. पण मराठीने तिला जातीपातीच्या, भाऊबंदकीच्या आणि फितुरीच्या जगात आणून सोडले. निवडणुकीच्या काळात पक्ष सोडून गेलेल्यांवर टीका करताना ही म्हण आजही कामी येते. तिचे वैशिष्ट्य असे की तिला पात्याचा राग नाही. पाते परकेच आहे, ते कापणारच. तिचा सगळा रोख दांड्यावर, म्हणजे ज्याच्यामुळे घाव घालणे शक्य झाले त्याच्यावर आहे. हा रोख लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे' हा वाक्प्रचार तुलनेने सरळ. लाकूड फोडताना नेम चुकला की पाते नडगीवर येते, हे ज्याने लाकूड फोडले आहे त्याला सांगावे लागत नाही. बसलेली फांदीच तोडणाऱ्या कालिदासाची दंतकथा याच जातीची. 'एक घाव दोन तुकडे' यात कुऱ्हाडीचे नावही नाही. तरी डोळ्यांसमोर येते ती तीच. 'मुळावर घाव' हेही तसेच. लाकूडतोड्याच्या हातून पाण्यात पडलेल्या कुऱ्हाडीची आणि त्याने नाकारलेल्या सोन्याच्या कुऱ्हाडीची गोष्ट तर शाळेतल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. तिच्यात प्रामाणिकपणाचे कौतुक होते. गरिबाच्या पोटापाण्याचे एकमेव साधन पाण्यात गेले होते, ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

पुराणात कुऱ्हाडीला नेहमी धनी आहे. परशुरामाच्या नावातच ती आहे. पिता जमदग्नी आज्ञा देतो, पुत्र परशु उचलतो आणि माता रेणुकेचे शिर उडवतो. आज्ञा कोणाची, हात कोणाचा आणि घाव कोणावर, यातले काहीच कथा लपवत नाही. म्हणूनच ती आजही ऐकवत नाही. नाशिककरांची रेणुका चांदवडच्या डोंगरावर आहे. मुंबई-आग्रा मार्गाने जाणारा प्रवासी तिला हात जोडून पुढे जातो. गणपतीचा एक दात परशुरामाच्या परशुने तुटला, अशी कथा आहे. शंकराने दिलेले शस्त्र वाया जाऊ नये म्हणून गणेशाने तो घाव आपल्या दातावर झेलला. त्याच गणेशाच्या मागच्या हातात मूर्तिकार परशु देतात. 'आमच्या घरात कुऱ्हाड नाही' म्हणणाऱ्या नाशिककराने भाद्रपदात आपल्या मखरात डोकावून पाहावे. सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात नाटक पाहायला जाणाऱ्यांच्याही तोंडी हे हत्यार असतेच, फक्त ते नावात दडलेले असते.

नाशिकचे नावही एका घावाशी जोडलेले आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते तपोवनात, अशी श्रद्धा असून त्यावरून 'नासिक' नाव पडल्याचे सांगतात. नऊ शिखरांचे गाव म्हणून नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. शूर्पणखेच्या कथेत शस्त्र कुऱ्हाड नाही, तलवार आहे. पण स्थळ तेच, ज्याच्या झाडांसाठी २०२५ मध्ये शहर रस्त्यावर उतरले.

सावित्रीच्या कथेतही कुऱ्हाड आहे आणि ती आपण विसरलो आहोत. महाभारतात सत्यवान खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात जातो. लाकडे तोडता तोडता त्याचे डोके दुखू लागते आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवतो. वटपौर्णिमा ही त्याच प्रसंगाची आठवण. शहरात पारंब्यांचा वड गाठणे जमत नाही, म्हणून गेली अनेक वर्षे बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात. भल्या सकाळी कोणीतरी त्या तोडून आणलेल्या असतात. फांदीची पूजा करून ती दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. झाडाला दीर्घायुष्य मागण्याच्या दिवशी झाडाच्याच फांद्या उतरवल्या जातात. वृक्षप्रेमी संस्था दरवर्षी 'फांदी विकत घेऊ नका' असे आवाहन करतात आणि दरवर्षी फांद्या संपतात. ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायात भक्ताच्या समदृष्टीसाठी वृक्षाचा दृष्टांत दिला आहे : लावणारा असो की तोडणारा, झाड दोघांनाही सारखीच सावली देते. झाडाच्या या स्वभावाचा फायदा कोण घेते, हा प्रश्न माणसांनी सोडवायचा आहे.

शहराच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत कुऱ्हाड अजून शब्द नव्हे, तर वस्तू आहे. सरपण, कुंपण, घराचे वासे, पावसाळ्यापूर्वी नागली-भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचा 'राब', या सगळ्याला ती किंवा कोयता लागतो. राबासाठी झाडाच्या फांद्या छाटून पसरतात आणि जाळतात. या छाटणीवरून वनखाते आणि डोंगरातला शेतकरी यांच्यातला वाद इंग्रजी अमदानीपासून चालत आला आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ नुसार वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे, गाड्या, जनावरे जप्त करता येतात. म्हणजे गरिबाच्या हातची कुऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने आधी मुद्देमाल असते आणि मग अवजार. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईत पोहोचलेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चात आदिवासींची संख्या मोठी होती, आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.

या संदर्भात मराठीने एक नवा समास घडवला : कुऱ्हाडबंदी. दारूबंदीच्या धर्तीवरचा हा शब्द राळेगणसिद्धीच्या प्रयोगामुळे सर्वत्र पोहोचला. १९९२ च्या आदर्श गाव योजनेत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही सूत्रे होती. हिवरे बाजारने ती अमलात आणून उजाड डोंगर हिरवा केला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बंदी अवजारावर नव्हती, तोडीवर होती. अवजाराचे नाव तिला मिळाले, कारण ते गावाला नेमके कळत होते. आणि बंदी घालणारा कोण, हेही स्पष्ट होते. ग्रामसभा बसली, हात वर झाले, गावाने स्वतःवर बंधन घातले. असे असले तरी हा शब्द ऐकताना मोळी विकणारी बाई आठवते. बंदीचा पहिला भार तिच्या डोक्यावरच्या वीस काटक्यांवर पडतो. ट्रकभर लाकूड नेणाऱ्याला मुळात कुऱ्हाड लागत नाही.

आता पुन्हा मथळ्याकडे वळू. कपात, बंदी, तोड अशा बातम्यांसाठी मराठी वृत्तपत्रांकडे हत्यारांचा एक भाताच आहे. अर्थसंकल्पाला 'कात्री' लागते. ती सौम्य, शिंप्याच्या हातची. हक्कांवर 'गदा' येते. कारवाईची 'टांगती तलवार' असते. अतिक्रमणांवर 'बडगा' उगारला जातो किंवा 'हातोडा' पडतो. या यादीत एक बारीक भेद आहे. बडगा उगारला की तो कोणाचा, हे लिहावे लागते : महापालिकेचा बडगा, पोलिसांचा बडगा. हातोडाही तसाच, अतिक्रमणविरोधी पथकाचा. कुऱ्हाड मात्र 'कोसळते'. जणू वीज कोसळावी, दरड कोसळावी, तशी. शाळेत व्याकरण शिकवताना मास्तर विचारत, 'वाक्यातला कर्ता कोण?' 'झाडांवर कुऱ्हाड कोसळली' या वाक्यात कर्ता आहे कुऱ्हाड! अर्ज करणारा, परवानगी देणारा, निविदा काढणारा, कटर चालवणारा मजूर, यांपैकी कोणीही त्या वाक्यात नाही. इंग्रजी दैनिकांना हा शब्द प्रिय आहे, कारण तो तीन अक्षरांत बसतो आणि जागा वाचते. मराठी 'कुऱ्हाड' मथळ्यात भरपूर जागा खाते; तरी ती आम्हाला आवडते, ती तिच्या आवाजासाठी. आवाज इतका मोठा की त्यात कर्त्याची अनुपस्थिती जाणवत नाही.

हे केवळ भाषेचे कोडे नाही. मुंबईतील आरे येथे ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर काही तासांतच यंत्रे पोहोचली होती. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडे पडलेली होती. त्या रात्री आरेत काही आकाशातून कोसळले नव्हते. प्राधिकरणाची परवानगी होती, मेट्रो कंपनीचा आदेश होता, कंत्राटदाराचे कामगार होते. प्रत्येक पायरीवर एक सही होती.

मराठीत कर्ता स्पष्ट सांगण्याची जुनी परंपरा आहे, आणि तीही राज्यकारभाराच्या भाषेत. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कोठून आणावे, याचे नियम आहेत. अरण्यातील सागवान वगैरे लागले तर हुजुरास लिहून, हुजुरची परवानगी घेऊन तोडावे. आणखी लागले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही लाकडेही आरमाराच्या उपयोगाची. पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. जबरदस्ती करू नये. मागणारा कोण, परवानगी कोणाची, झाड कोणाचे, दुःख कोणाला आणि मोबदला कोणी द्यायचा, हे सर्व काही मोजक्या वाक्यांत येते. आरमार हे राज्याच्या संरक्षणाचे काम होते, तरीही ही अट होती.

आजच्या कायद्यातही, वाचून पाहिले तर, कर्ते हजर आहेत. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' मध्ये झाड तोडण्याची व्याख्या कुऱ्हाडीवर अडत नाही. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे तिच्यात येते. बुंध्याभोवती काँक्रीट ओतून झाड हळूहळू मारणारे हे सोयीस्करपणे विसरतात. महापालिका क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण असते आणि आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची पाहणी करायची असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ठरवले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आणली. साठ वर्षांच्या एका चिंचेपोटी साठ रोपे, असा हा हिशेब. रोपे लावली जातात त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांकडे नेमाने येतात. तीन पावसाळ्यांनंतर त्यांतली किती उभी आहेत, याचे छायाचित्र पाठवण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही.

तपोवनाच्या बाबतीत महापालिकेच्या नोटिशीनंतर नाशिककरांनी हरकती नोंदवल्या, सुनावणीला गर्दी केली, झाडांना मिठ्या मारल्या. अभिनेते सयाजी शिंदे यांच्यासारखी मंडळीही तेथे आली. साधूंसाठी जागा हवी हे कोणी नाकारत नव्हते. कोणती झाडे, कोणत्या वयाची, नेमकी कशासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे लोक विचारत होते. झुडपे काढणार आणि जुनी झाडे राखणार, असे प्रशासनाकडून सांगितले गेले, तेव्हाही प्रश्न तोच उरला : झुडूप कोणते आणि झाड कोणते, हे ठरवणार कोण?

कायद्यानुसार झाड तोडण्याच्या प्रस्तावाची जाहीर सूचना दोन ठिकाणी द्यावी लागते. एक, त्या झाडावरच, ठळकपणे दिसेल अशी. दुसरी, स्थानिक वृत्तपत्रात. ती बहुधा आतल्या पानावर, निविदा आणि हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात असते. अर्जदाराचे नाव, ठिकाण, झाडांची संख्या व जाती, तोडण्याचे कारण आणि हरकत घेण्याची मुदत, असा तिचा मजकूर असतो. शेवटी वृक्ष अधिकाऱ्याची सही असते. 'कुऱ्हाड' हा शब्द तिच्यात नसतो.